परतून येणारे शस्त्र : विटा, गोफण आणि वाघनख
(सातारा-सांगली परिसराच्या शस्त्रस्मृतीसंबंधी एक विचार)

प्रास्ताविक

इतिहासातील वीरपुरुषाची ओळख लोकमानसात बहुधा एखाद्या शस्त्राशी जोडलेली असते. परशुरामाचा परशू, भीमाची गदा, श्रीकृष्णाचे सुदर्शन ही उदाहरणे पुराणातील आहेत. विसाव्या शतकातील अमेरिकन चित्रकथांनी हीच रूढी नव्या स्वरूपात पुढे चालविली. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी निर्माण केलेला बॅटमॅन मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात प्रथम अवतरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या ३१ व्या अंकात त्याच्या हाती 'बॅटरँग' आले. वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचे हे शस्त्र नायक शत्रूवर फेकतो आणि अनेकदा ते आपला वेध घेऊन पुन्हा त्याच्या हातात येते. शस्त्राचा आकार, नायकाचे बोधचिन्ह आणि नायकाचे नाव या तिन्ही गोष्टी येथे एकच झालेल्या आहेत. शस्त्र दिसले की नायक आठवावा, ही त्यामागील योजना होय.

प्रस्तुत निबंधाचा विषय ही चित्रकथा नव्हे. मात्र तिच्यामुळे एक प्रश्न नेमकेपणाने मांडता येतो. ज्या प्रदेशाने १७ व्या आणि १८ व्या शतकात प्रत्यक्ष लढवय्ये पुरविले, त्या सातारा-सांगली परिसरात फेकून मारण्याच्या शस्त्रांची परंपरा कोणती होती, आणि त्या परंपरेपैकी कोणते शस्त्र स्मृतीत राहिले व कोणते गळून पडले? नायकाचे चिन्ह बनलेले एक शस्त्र बाकीच्या सर्व शस्त्रांना झाकून टाकते काय? २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेल्या वाघनखाच्या निमित्ताने हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही.

परतण्याची कल्पना आणि परतण्याचे शास्त्र

'बॅटरँग' हे नाव 'बूमरँग'वरून घेतलेले आहे. बूमरँग हा शब्द ऑस्ट्रेलियातील सिडनी परिसराच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून इंग्रजीत आला. परंतु फेकण्याची वक्र काठी ही केवळ त्या खंडाची मक्तेदारी नाही. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशा काठ्या मोठ्या संख्येने मिळाल्या. पोलंडमधील एका गुहेत सापडलेली मॅमथच्या सुळ्याची वक्र काठी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीची ठरते. भारतात तमिळ प्रदेशातील 'वळरी' प्रसिद्ध आहे. शिवगंगेचे मरुदू बंधू १८०१ मध्ये इंग्रजांकडून फाशी गेले. त्यांपैकी धाकट्याने आपल्याला भाला आणि ही काठी फेकण्यास शिकविले, असे त्यांच्याविरुद्ध लढलेल्या जेम्स वेल्श या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले आहे. गुजरातच्या कोळी समाजातही अशी काठी वापरात होती.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. शिकारीसाठी किंवा युद्धासाठी वापरली जाणारी बहुतेक वक्र काठी परत येत नाही. ती सरळ जावी, जड असावी आणि लागली तर हाड मोडावे, हीच तिची गुणवत्ता. परत येणारे बूमरँग हलके असते. त्याच्या दोन्ही भुजांना पंखासारखा फुगीर आडवा छेद असतो. ते उभे धरून फिरवत फेकले असता वरच्या बाजूची भुजा पुढे जाताना हवेच्या तुलनेत अधिक वेगाने जाते व तिला अधिक उचल मिळते. खालच्या भुजेला कमी. फिरत्या वस्तूवर असा असमान जोर पडला की ती उलटून न पडता हळूहळू वळू लागते आणि तिचा मार्ग वर्तुळाकार होतो. मात्र वाटेत ते कशावर आदळले तर परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. शत्रूला लागून पुन्हा हातात येणारे शस्त्र भौतिकशास्त्राच्या नियमात बसत नाही. ते कथेच्या नियमात बसते. १९६२ पासून मार्व्हल चित्रकथेत आलेल्या थॉरचा हातोडा याच जातीचा, आणि त्यांच्या कितीतरी शतके आधीचे सुदर्शन चक्रही.

वेध घेऊन परत येणारे शस्त्र खरोखर बनवायचे असेल तर त्याला दोर बांधणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. हा उपाय मराठ्यांनी केला होता. त्या शस्त्राचे नाव विटा.

विटा

विटा म्हणजे दोर बांधलेला फेकण्याचा भाला. घोडेस्वाराच्या लांब बांबूच्या भाल्यापेक्षा तो आखूड असतो. त्याच्या दांड्याला मजबूत दोर बांधून त्या दोराचे दुसरे टोक फेकणाऱ्याच्या मनगटाभोवती गुंडाळलेले असते. विटा फेकला, वेध साधला किंवा चुकला, तरी हिसका देऊन तो पुन्हा हाती घेता येतो. साधा फेकभाला एकदा हातून गेला की गेला. वीर निःशस्त्र होतो, आणि शत्रू तोच भाला उचलून उलट फेकू शकतो. विट्याने हे दोन्ही धोके टाळले. त्याबद्दल किंमतही मोजावी लागली. दोराच्या लांबीपलीकडे विट्याचा पल्ला नाही, दोर शत्रूच्या हाती लागला तर ओढाताण ठरलेली, आणि भरधाव घोड्यावरून फेकताना दोर स्वतःच्याच घोड्याच्या पायांत न गुंतेल याची काळजी घ्यावी लागणार. म्हणूनच विटा हे दीर्घ सरावाचे शस्त्र होते. ते विकत घेऊन दुसऱ्या दिवशी लढाईला जाता येईल असे नव्हते.

मराठ्यांच्या युद्धपद्धतीत या शस्त्राचे स्थान समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या मैदानी लढाईपेक्षा शत्रूच्या पिछाडीवर तुटून पडणे, रसद लुटणे, खिंडीत गाठणे आणि त्वरेने निसटणे ही त्या पद्धतीची मुख्य अंगे. अशा चढाईत स्वाराला थांबून टाकलेली शस्त्रे गोळा करण्यास अवसर नसतो. जवळचे बाणांचे भाते किंवा दारूगोळा संपल्यास नवा पुरवठा कोसो दूर. ज्या शस्त्राला पुरवठ्याची गरज नाही असे शस्त्र हलक्या घोडदळाच्या पथ्यावर पडते. विट्याचा दोर हे केवळ कौशल्याचे प्रदर्शन नव्हते. काटकसरीने लढणाऱ्या सैन्याचा तो हिशेब होता.

या शस्त्राच्या नावाबाबत सांगली जिल्ह्यात एक स्वाभाविक मोह उद्भवतो. खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण विटा हेच आहे. गावाचे नाव आणि शस्त्राचे नाव एक असल्याने गावाचा संबंध शस्त्राशी जोडण्याचा उत्साह कोणासही वाटेल. पण नामसादृश्य हा पुरावा नव्हे. स्थाननामांचा अभ्यास जुनी कागदपत्रे, शिलालेख आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम यांच्या आधारेच करावा लागतो. तसा आधार पुढे येईपर्यंत दोन्ही नावे शेजारी ठेवून गप्प राहणेच शहाणपणाचे.

१८१८ नंतर या शस्त्राच्या व्यवहारी वापराला उतरती कळा लागली. पेशवाईचा अंत झाला, सातारचे राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली आले आणि १८४८ मध्ये ते खालसा करण्यात आले. १८५७ नंतरची नि:शस्त्रीकरणाची मोहीम आणि १८७८ चा शस्त्रकायदा यांमुळे शस्त्र बाळगणे हाच परवान्याचा विषय बनला. शिलेदार शेतकरी झाला. विट्याचे शिक्षण आखाड्यांतून आणि मर्दानी खेळांच्या पथकांतून तेवढे तग धरून राहिले. कोल्हापूर हे या खेळांचे प्रमुख केंद्र. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा, लाठी, फरीगदका यांबरोबर विटाही फिरविला जातो. तेथे त्याचे रूप अर्थातच बदललेले आहे. प्रेक्षकांच्या गर्दीत विटा फेकता येत नाही; तो दोराच्या आधारे फिरविला जातो. युद्धातील फेक खेळात फिरत बनली. या बदलाची नोंद न घेता खेळालाच जुन्या युद्धाचे जिवंत चित्र मानण्याची चूक अनेक स्मरणिकांतून होत आलेली आहे.

गोफण आणि दगड

विटा निदान सैनिकाचे शस्त्र होते. गोफण ही कुणब्याची. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी या पर्जन्यछायेतील तालुक्यांत रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. कणसात दाणे भरू लागले की पाखरांचे थवे उतरतात. शेताच्या मधोमध लाकडांचा माळा उभारून त्यावर दिवस उगवल्यापासून राखण करावी लागे. राखणदाराच्या हाती गोफण आणि पायाशी गोट्यांचा ढीग असे. दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवण्याची विणलेली वाटी, एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसरी दोरी नुसती चिमटीत धरायची. डोक्यावरून गरगर फिरवून नेमक्या क्षणी चिमटी सोडली की गोटा सुटतो आणि दोरीचे टोक फटकन वाजते. पुष्कळदा गोटा लागण्याची गरजही नसते. आवाजानेच थवा उठतो.

गोफणीत शस्त्राचा जो भाग फेकला जातो तो परत येत नाही, पण ज्याला किंमत आहे तो भाग हातातच राहतो. गोटा नदीकाठी फुकट मिळतो. यांत्रिक दृष्ट्या गोफण म्हणजे लांब केलेला हात होय: फिरण्याची त्रिज्या वाढली की त्याच मनगटाच्या बळावर दगडाचा वेग कितीतरी वाढतो. रोमन सैन्यातील बॅलेरिक बेटांवरचे गोफणकरी याच साधनाच्या जोरावर नावाजले होते. असे असूनही इतिहासाच्या पुस्तकांतून गोफणीला शस्त्र म्हणून जागा क्वचितच मिळते. तिला धार नाही, मूठ नाही, तिच्यावर सोन्याचे पाणी देता येत नाही, आणि दोरी कुजते. पदार्थसंग्रहालयाच्या कपाटात ठेवण्यासारखे तिच्यात काहीच नाही.

दगडाचे युद्धातील सामर्थ्य मात्र साताऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने सातारच्या किल्ल्याला, म्हणजे अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी गडावरून प्रचंड धोंडे लोटून चढणाऱ्या मोगलांची वाताहत केली. सातारच्या दरबारी राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने या धोंड्यांची तुलना तोफांशी केली आहे. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली पेरलेल्या दोन सुरुंगांपैकी पहिल्याने आतील शिबंदीचे नुकसान झाले आणि खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले जाऊनही जिवंत निघाले; दुसऱ्याने तट बाहेरच्या बाजूस कोसळून हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगलच मोठ्या संख्येने मेले. त्याच महिन्यात किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला व त्याचे नाव आझमतारा ठेवले गेले. राजाराम महाराजांचे निधन त्याआधी महिनाभरच झाले होते. या वेढ्याची आठवण सातारकरांना किल्ल्याच्या नावातून राहिली. धोंड्यांतून राहिली नाही. प्रयागजी प्रभूंच्या हाती एखादी नामांकित तलवार असती तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

सामान्य वीराची आठवण ठेवण्याची एक जुनी रीत या प्रदेशात होती. ती म्हणजे वीरगळ. वाई तालुक्यातील किकली येथील भैरवनाथ मंदिराच्या परिसरात अनेक वीरगळ आहेत आणि अशा शिळा सातारा-सांगलीतील कितीतरी गावांच्या वेशीवर, देवळांजवळ उभ्या आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरांसाठी झालेली झुंज, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य अशी सर्वसाधारण मांडणी. वीराच्या हाती तलवार-ढाल, धनुष्य किंवा भाला दिसतो. त्या शिळांवरील शस्त्र विशिष्ट नसते. ते त्या वीराचे नसून वीरपणाचे असते. बहुतेक शिळांवर नावही नाही. एका नायकाचे एकच शस्त्र ही कल्पना वीरगळाला अपरिचित आहे. ती राजदरबाराच्या बखरींतून, पोवाड्यांतून आणि नंतर छापील चित्रांतून वाढली.

वाघनख : कागद, पेटी आणि प्रवास

वाघनख हे फेकण्याचे शस्त्र नव्हे. ते मुठीत लपवायचे शस्त्र आहे. तरीही प्रस्तुत विवेचनात त्याला टाळता येत नाही. चित्रकथेतील नायकाच्या शस्त्राप्रमाणे केवळ आकृतीवरून नायक ओळखू यावा असे मराठी इतिहासातील शस्त्र कोणते, असे विचारले तर उत्तर वाघनख हेच येईल.

अफजलखानाचा वध प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. जेधे शकावलीत शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीची ही घटना मोजक्या शब्दांत नोंदलेली आहे. शस्त्राचा तपशील इतर साधनांत शोधावा लागतो आणि तेथे एकवाक्यता नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांसाठी लिहिलेल्या बखरीत वाघनख आणि बिचवा या दोहोंचा उल्लेख आहे. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत शिवभारतात मात्र तलवारीच्या वाराला प्राधान्य आहे. हा कवी महाराजांच्या समकालीन आणि त्यांच्या आश्रयाला होता. बखरकार घटनेनंतर 38 वर्षांनी लिहीत होता, पण तोही महाराजांच्या राज्यव्यवहारात वावरलेला होता. दोघांपैकी एकाला पूर्णतः खोटे ठरवण्याची गरज नाही. काव्यातील नायकाने तलवारीने मारावे हा संस्कृत महाकाव्याचा संकेत परमानंदासमोर होता. तर गुप्त शस्त्राची हकीकत हीच बखरीच्या श्रोत्यांना हवी होती. दोन्ही साहित्यप्रकारांच्या मागण्या लक्षात घेऊनच त्यांची साक्ष घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख ग्रँट डफच्या वंशजांकडून तेथे आले. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. मराठ्यांच्या इतिहासाचे त्याचे तीन खंड १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. या वाघनखाबरोबर एक पेटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा की, ज्या वाघनखाने शिवाजीने मोगल सेनापतीस ठार केले ते हे असून, डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने ते त्यास दिले. हा मजकूर वस्तूबरोबर साताऱ्याहून गेलेला नाही. डफ स्कॉटलंडला परतल्यानंतर तो तयार झाला.

या चार ओळींत इतिहासाच्या विद्यार्थ्याला अडखळायला लावणाऱ्या निदान दोन गोष्टी आहेत. अफजलखान मोगल सेनापती नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. आणि 'पेशव्याचा पंतप्रधान' हा प्रयोग गोंधळाचा आहे, कारण पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान. १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली व तो ब्रह्मावर्तास गेला; डफची साताऱ्यातील कारकीर्द त्याच सुमारास सुरू होते. म्हणजे देणारा नेमका कोण हे मजकुरावरून निश्चित होत नाही. शिवाय डफच्या इतिहासग्रंथात अफजलखान प्रकरणी वाघनख व बिचवा यांचे वर्णन आहे आणि खान विजापूरचा होता हे त्याला उत्तम ठाऊक होते. तेव्हा पेटीवरचा मजकूर इतिहासकार डफच्या काटेकोरपणाशी जुळत नाही, एवढे तरी म्हणता येते. संग्रहालयाने स्वतः हीच भूमिका घेतली आहे: हेच ते वाघनख की काय याची पडताळणी करणे शक्य झालेले नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि हे संग्रहालय यांच्यात लंडन येथे करार झाला. तीन वर्षांच्या मुदतीसाठी उसने म्हणून वाघनख भारतात आले आणि १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात सात महिने प्रदर्शनासाठी ठेवण्यात आले. २०२५ मध्ये ते तेथून नागपूरला नेले गेले. साताऱ्यात येण्याच्या सुमारास कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हे वाघनख मूळ नसून मूळ वाघनख साताऱ्यातच असल्याचे प्रतिपादन केले आणि मोठा वाद झाला. शासनाच्या बाजूने त्याचा प्रतिवाद झाला. वादाचा बराचसा भाग वर्तमान राजकारणाचा असल्याने त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्या वादात एक गोष्ट जवळपास कोणी विचारली नाही. वाघनख हे त्या काळी एकच नव्हते. ते लोहाराने घडविण्याजोगे, मुठीत मावणारे, अनेकांपाशी असू शकणारे शस्त्र होते. विशिष्ट पुराव्याची साखळी नसताना 'ते एक' शोधण्याचा आग्रह हा शस्त्राच्या इतिहासातून आलेला नाही. तो नायकाच्या चिन्हाच्या कल्पनेतून आलेला आहे.

भवानी तलवारीचेही असेच आहे. साताऱ्याच्या जलमंदिरातील तलवार, आणि कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला गेलेली व इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली तलवार, या दोहोंभोवती श्रद्धा आणि दावे गुंफलेले आहेत. श्रद्धेला इतिहासाच्या प्रमाणपत्राची गरज नसते. इतिहासाने मात्र श्रद्धेकडून प्रमाणपत्र घेऊ नये.

छापील चित्र आणि चिन्हाचे वर्चस्व

चिन्ह बनलेले शस्त्र घरोघरी पोहोचले ते छपाईमुळे. या बाबतीत सातारा-सांगली परिसर मागे नव्हता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध आहे आणि १९३८ मध्ये त्यांनी औंध येथे श्री भवानी संग्रहालय उभारले. त्याच औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून १९२० पासून 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले व शंकरराव किर्लोस्करांनी व्यंगचित्रांना त्यात मानाचे स्थान दिले. पुढे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सच्या रूपाने परदेशी चित्रकथा भारतीय भाषांत आल्या आणि फँटम मराठी मुलांना 'वेताळ' म्हणून परिचित झाला. शत्रूच्या जबड्यावर उमटणारी कवटीची अंगठी हे त्याचे चिन्ह. १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथे'ने इतिहासपुरुषांना त्याच चौकटीत बसविले. तिच्यासाठी चित्रे काढणारे पुण्याचे प्रताप मुळीक यांनीच १९८६ मध्ये आलेल्या हिंदीतील 'नागराज'ला प्रारंभीचे रूप दिले. नागराजाच्या मनगटातून साप सुटतात आणि काम करून परत त्याच्याच देहात शिरतात. बॅटरँगची कल्पना भारतीय मातीत रुजली ती अशी.

चौकटीच्या चित्राची स्वतःची एक सक्ती असते. लहान जागेत, एका नजरेत, नायक ओळखता आला पाहिजे. त्यासाठी एक शस्त्र, एक पोशाख, एक मुद्रा पुरेशी. शेकडो स्वारांचे आखूड भाले, गडावरचे धोंडे, रसद तोडणाऱ्या तुकड्या या चौकटीत मावत नाहीत. ही चित्रकाराची चूक नाही. पण पाठ्यपुस्तक, स्मरणिका आणि संग्रहालय यांनीही तीच चौकट उसनी घेतली, तेव्हा नुकसान झाले.

चिन्हाने कार्याला झाकण्याचे या प्रदेशातील अलीकडचे उदाहरण शस्त्राचे नव्हे, शिक्षेचे आहे. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचा सांगली जिल्हाही बव्हंशी मोडत होता, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र. न्यायदान मंडळे, सावकारी व दारूविरुद्ध कारवाई, कमी खर्चाचे गांधी विवाह, ग्रंथालये, तुफान सेनेचे शिक्षण आणि ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराच्या रेल्वेगाडीवर घातलेला छापा असा त्याचा विस्तृत व्यवहार होता. लोकांच्या तोंडी मात्र ते 'पत्री सरकार' झाले. गुन्हेगाराच्या तळपायांना होणाऱ्या शिक्षेवरून, बैलाला पत्री ठोकण्याच्या क्रियेशी तिची सांगड घालून, हे नाव पडले असे मानले जाते. प्रतिसरकारच्या न्यायमंडळांनी मिटविलेल्या जमिनीच्या तंट्यांविषयी आज फारसे कोणी बोलत नाही. पत्रीविषयी सर्वांना ठाऊक असते. दहशतीची आणि दराऱ्याची प्रतिमा एका शब्दात मावली, कारभाराची मावली नाही.

नोंदीचा प्रश्न

दोर ही विट्याची ओळख. ती सर्वांत आधी नष्ट होते. दोर गेलेला विटा म्हणजे दिसायला एक आखूड भाला, आणि नोंदवहीत तो 'भाला' म्हणूनच चढण्याची शक्यता अधिक. एगर्टन यांचा भारतीय शस्त्रांवरील सचित्र ग्रंथ १८८० मध्ये लंडनला निघाला, तेव्हापासून शस्त्रांची वर्गवारी पाते, मूठ आणि नक्षी यांवर होत आली आहे. ती संग्राहकाच्या डोळ्याने केलेली वर्गवारी आहे, वापरणाऱ्याच्या हाताने केलेली नव्हे. सातारा, औंध, सांगली आणि कोल्हापूर येथील संग्रहांतील आखूड भाल्यांच्या दांड्यांवर दोर बांधल्याच्या खाचा, कडी किंवा घासल्याच्या खुणा आहेत काय, याची तपासणी स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना फार खर्चाशिवाय करता येईल. मर्दानी खेळांच्या वस्तादांकडून दोराची लांबी, गाठीचे प्रकार आणि फेकीचे शब्द यांची नोंद करून ठेवणे हे त्याहून निकडीचे काम आहे, कारण ते ज्ञान कागदावर नाही.

गोफणीबाबतही तसेच. कृष्णाकाठी उसाचे क्षेत्र वाढले, ताकारी-म्हैसाळसारख्या उपसा योजनांचे पाणी दुष्काळी भागाकडे वळले, तासगाव परिसरात द्राक्षबागा आल्या. जेथे शाळू मागे हटला तेथे माळ्यावरची राखणही मागे हटली. गोफण कशाच्या दोरीची वळावी, वाटी किती रुंद विणावी, ओल्या पिकात गोटा कोणत्या बाजूने टाकावा हे माण आणि जत तालुक्यांतील वृद्ध स्त्रियांना माहीत आहे. राखणीचे काम पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येत असे.